मागून हाक

प्रश्न पहिला. एका घराचे वर्णन करा.

वडगावच्या कोष्टी गल्लीतलं घर. पुढच्या खोलीत नागोजी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, धोटा इकडून तिकडं, खट खट. मागच्या खोलीत त्याची लेक आक्काताई रहाटावर सुताच्या कांड्या भरते. तिचा नवरा प्लेगात गेला तेव्हा तिला लुगडंही धड नेसता येत नव्हतं. तेव्हापासून ती माहेरी आहे. कपाळ मोकळं. कुणी चांगल्या कामाला निघालं की तिनं तोंड दाखवायचं नाही. एवढं सोडलं तर तिला कुणी काही बोलत नाही. कामं सांगतात.

समोर धाकटा भाऊ जोतिबा. मॅट्रिकचं वर्ष. मास्तरांनी वर्गाला बजावलेलं, रोज घरी कुणाला तरी धडा समजावून सांगा. ऐकणाऱ्याला कळला, तरच तुम्हाला आला. घरात मोकळे कान आक्काचेच.

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन."

"का?"

"पुस्तकात हाय म्हणून."

"पुस्तकात राक्षसाला धा तोंडंबी असत्यात. का, ते सांग."

"तुला न्हाय कळायचं, आक्का."

"मला न्हाय कळलं म्हंजे तुला न्हाय आलं. उद्या मास्तरास्नी इचार."

"पोरं हसत्यात गं. कोष्ट्याचं ध्यान म्हणत्यात."

"हसूंदेत. उभा ऱ्हा, वर बघ आन् बोल. भुईकडं बघून बोललं तर भुईच ऐकती."

दिवाळीपर्यंत जोतिबा वर्गात उभा राहू लागला. निपाणीकडचा पार्श्वनाथ म्हणून एक सोबतीही त्यानं जोडला; तो याला इंग्रजी सांगायचा, हा त्याला भूमिती. घरी येऊन सारं पुन्हा आक्काला. तिला त्रिकोण कळला, वर्तुळ कळलं. रहाट थांबला नाही.

प्रश्न दुसरा. अशा वेळी काय करावे?

भूमितीच्या पेपराची सकाळ. आई रुक्माबाईनं लेकाच्या हातावर दही घातलं. त्याआधी आक्काला मागं नेऊन बसवलं.

"भिंतीकडं तोंड कर बाई. आजच्या दिसापुरतं."

"व्हय."

दार लोटलं गेलं. पावलं उंबऱ्याबाहेर पडली. आक्कानं मान वळवली, तर कोनाड्यात कंपासपेटी. पहाटे इथंच बसून वर्तुळं काढत होता पोरगा.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. आणि विधवेनं तर नाहीच नाही. गप्प बसली असती तर तिला कुणी बोल लावला नसता. तशी ती थकलीच होती.

ती पेटी घेऊन धावली.

"जोतिबाऽ! पेटी! पेटी ऱ्हायली रंऽ!"

गल्लीच्या तोंडाशी बाप-लेक. जोतिबाची पाठ थबकली. नागोजीनं त्याचा दंड धरला, "मागं बघू नगंस." पाठ पुढं चालू लागली.

"अगं पांढऱ्या पायाचे, पोराचं वाटुळं करतीस व्हय!" शेजारच्या अंबुबाईनं तिला हाताला धरून ओढलं. रुक्माबाई रडत होती. दही वाया गेलं म्हणून.

प्रश्न तिसरा. कारणे द्या.

परीक्षेत कुणी कुणाला काही द्यायचं नाही, असा नियम. जोतिबानं हातानं वर्तुळं काढली. ती बटाट्यासारखी आली.

तो गणितात नापास झाला.

गल्लीला कारण लगेच सापडलं. रांडमुंड बाईची हाक. नागोजी जेवताना म्हणाला, "हिच्याम्होरं आता पुस्तक उघडायचं न्हाय." आक्कानं भावाकडं पाहिलं. त्याला खरं कारण ठाऊक होतं.

जोतिबा भुईकडं बघत होता.

प्रश्न चौथा. हा सोडवणे सर्वांना आवश्यक.

पुन्हा परीक्षेला बसायचं ठरलं. बापाची नजर चुकवून जोतिबा पुस्तक घेऊन मागं आला.

"आक्का, ऐक की गं."

"मी ऐकणार न्हाय."

"तुझ्याबिगर मला येत न्हाय."

"त्या दिशी हाक ऐकलीस?"

"व्हय."

"काय ऐकलंस?"

"पेटी."

"मग वळला का न्हाईस?"

"आप्पांनी दंड धरलता." त्यानं पुस्तक मिटलं. "मलाबी भ्या वाटलं. तुझं."

रहाट थांबला. तिला राग आला नाही. एवढा राग उरलाच नव्हता.

"सगळ्याला का म्हणून इचारायला शिकलास. ह्या भ्याला तेवढं न्हाय इचारलंस."

"आता काय करू?"

"जा. पेपर का बिघाडला ते आप्पास्नी सांग. आन् ह्या बारीला निघताना पेटी माझ्या हातनं घ्यायची, माझ्या तोंडाकडं बघून. कबूल नसलं तर दुसरे कान शोध. माझे दमल्यात."

तो उठला. पुढच्या खोलीत बापाच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. माग चालूच होता, खट खट.

"आप्पा."

खट खट.

"आप्पा, तिच्या हाकंनं न्हाय मी नापास झालो. मागं न्हाय बघितलं, म्हणून झालो."

माग थांबला. नागोजीची मान खाली, हातात धोटा तसाच.

मधल्या दारात, जिथं तिनं उभं राहायचं नसतं तिथं, आक्काताई पेटी घेऊन उभी होती. वाट बघत, की तो मागं वळतो का.