मशीन बंद, मेन बंद

अनंतराव पातूरकरांनी भोपाळच्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं पंप तपासले. पंप तासभर चालवायचा, कान देऊन ऐकायचा आणि पसंत पडला तर खडूनं त्यावर ‘पास’ लिहून खाली ‘अ. पा.’ अशी सही करायची. नापास झाला तर दोष कुणाचा तेही तिथंच लिहायचं. आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. निवृत्त झाले तरी खडू सदऱ्याच्या खिशात होताच. टाउनशिपमधलं क्वार्टर आता त्यांच्या मुलीच्या, मृदुलाच्या नावावर होतं; तीही त्याच कारखान्यात इंजिनिअर. तसं पाहिलं तर घरात पाहुणे तेच, पण रुबाब मालकाचा.

खडूबरोबर कारखान्यातून आणखी एक सवय घरी आली होती : मशीन बंद, मेन बंद. एकदा अमरावतीला लग्नाला निघताना त्यांनी घराचा मेन बंद केला, आणि आठ दिवसांनी फ्रिजमधल्या दुधानं अख्ख्या ब्लॉकला त्यांची आठवण करून दिली. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई अजूनही ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मृदुलानं एक जुनी झेन गाडी घेतली आणि आठ महिने रविवार घालवून ती शर्यतीसाठी तयार केली. इंजिन थंड ठेवणारा पट्ट्यावरचा पाण्याचा पंप काढून तिनं विजेवर चालणारा बसवला, त्या सकाळी वादात पोह्यांच्या बशा निवून गेल्या.

“पट्टा झिजला की ओरडून सांगतो. तुझी वायर सुटली तर कुणाला पत्ता लागणार नाही, आणि इंजिन भाजून निघेल,” अनंतराव म्हणाले.

“पण बाबा, पट्ट्यावरचा पंप इंजिनाच्या तालावर नाचतो. इंजिन जोरात पळालं की तो नको तेवढं पाणी फिरवतो, वर इंजिनाचीच ताकद खातो. इंजिन थांबलं की तोही ठप्प, आणि उष्णता तर तेव्हाच आत कोंडते. हा इंजिन बंद झाल्यावरही चालत राहतो.”

हे शेवटचं वाक्य अनंतरावांनी ऐकलंच नाही. ते पुढचा मुद्दा जुळवत होते. वाद घालणाऱ्याचे कान असेच असतात.

शेवटी ठरलं. शर्यतीत पंपानं दगा दिला तर पट्टा परत. नाही दिला तर बाबांनी त्यावर ‘पास’ लिहायचं. लहानपणी मृदुला रांगोळीवरसुद्धा बाबांचा ‘पास’ मागायची. पण फुकट पास करणाऱ्यांतले ते नव्हते, आणि तिला तो कधी मिळाला नव्हता.

शर्यत दसरा मैदानावर होती. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली वेळ धरायची. पहिल्या फेरीत मृदुलानं वळणावर खुणेला ठेवलेला एक प्लास्टिकचा कोन उडवला आणि दंडाचे सेकंद ओढवून घेतले. गाडी उभी करून, चावी फिरवून ती वेळ बघायला फळ्याकडे पळाली. गाडीजवळ अनंतराव एकटेच राहिले. इंजिन गप्प होतं, पण बॉनेटखाली काहीतरी घूं घूं चालूच होतं. पुढच्या काचेखाली, बाहेरच्या बाजूला, गाडीची सगळी वीज तोडणारा लाल मेन स्विच होता. हात आपोआप गेला. घूं घूं थांबलं, आणि अनंतरावांना पुण्य केल्यासारखं वाटलं.

दोन-तीन मिनिटांत आत खदखदायला लागलं. इंजिनाच्या बाजूला लावलेल्या पाण्याच्या बाटलीतून वाफ आणि पाणी मैदानावर सांडलं.

मृदुला धावत आली. तिचा चेहराच उतरला. “बाबा, तुमचंच बरोबर होतं. काढून टाकते हा पंप.”

भोंग्यावरून आवाज आला, “झेनवाली मॅडम, बीस मिनिट में आपका दूसरा राउंड!”

अनंतरावांची नजर लाल स्विचवर गेली, आणि पोह्यांच्या सकाळचं ते न ऐकलेलं वाक्य आत्ता त्यांच्या कानात शिरलं. जिंकले होते ते. नुसतं गप्प बसायचं होतं. मन म्हणालंही, बस की. पण एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर त्यांनी कधी लिहिला नव्हता, आणि ही तर पोटची पोर होती.

“पंप चांगला आहे,” ते म्हणाले. “मेन मी बंद केला.”

“काय?”

“गाडी बंद झाली म्हणून.”

मृदुला आधी भडकली. मग तिला फ्रिज आठवला आणि ती हसतच सुटली.

“आईला सांगू नकोस,” अनंतराव हळूच म्हणाले.

तिनं मेन चालू केला. बंद इंजिनातून पाणी फिरू लागलं, पंखा लागला, तापमानाचा काटा हळूहळू उतरला. पट्ट्यावरचा पंप असता तर इंजिन सुरू केल्याशिवाय थेंब हलला नसता. निवल्यावर दोघांनी कमी झालेलं पाणी भरलं, आणि गाडी वेळेत रेषेवर पोचली.

दुसऱ्या फेरीत एकही कोन पडला नाही. तिसरा नंबर आला. मृदुलानं गाडी आणून उभी केली आणि चावी फिरवली. इंजिन थांबलं. घूं घूं चालू राहिलं. अनंतरावांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि पंप आपणहून थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. मग बॉनेट उघडून, खडू काढून त्यांनी पंपावर लिहिलं : ‘पास.’ खाली लिहिलं : ‘पहिल्या फेरीनंतरचा दोष : तपासणारा. अ. पा.’

मृदुलाला भरून आलं. खालची ओळ पुसायला तिनं अंगठा पुढे केला.

“हं, खोडायचं नाही,” तिचा हात धरून अनंतराव म्हणाले. “दोन्ही खरं आहे.”