मुकादमाचे लाल शिक्के

"मॅडम, ते मॉडेल केव्हाच बंद झालंय. नवीन स्कॅनर घ्या, तीन दिवसांत घरपोच."

"बंद तुम्ही केलंत! इथे ते धडधाकट आहे, कागद ओढतंय. तुमच्या कॉम्प्युटरला जुनी ओळख दाखवायची लाज वाटते, त्याला मी काय करू?" प्यो माल्सुननं फोन आपटला.

तीन दिवस कुठून आणणार? अपिलाची मुदत आज सहापर्यंत. खाणी बंद पडलेल्या त्या डोंगरी गावात खाणकामगार संघाची कारकुनी ती बावीस वर्षं करत होती. समोर बसलेला कुक योंगदाल म्हातारा एके काळी तिच्या वडिलांचा खाणीतला जोडीदार. आता कोळशाच्या धुळीनं त्याची छाती पोखरली होती. इस्पितळात खाट हवी तर खाणीतल्या कामाचा पुरावा हवा, आणि पुरावा एकच, हजेरीचं पुस्तक. खाणकामगारांच्या आजारांचे अर्ज पाहणाऱ्या सरकारी कार्यालयानं ते स्कॅन करून परत पाठवलं होतं, वर शेरा मारून: मुकादमाचे शिक्के नाहीत, अर्ज नामंजूर.

"आंधळे आहेत का मेले?" म्हातारा धापा टाकत म्हणाला. पानोपानी लालभडक शिक्के होते.

माल्सुननं हेच कार्यालयातल्या साहेबांना फोनवर सांगितलं होतं. "आमच्या स्क्रीनवर नाहीत म्हणजे नाहीत," साहेब म्हणाले होते. "वाटल्यास तुम्ही स्कॅन करून पाठवा. मोबाइलचे फोटो चालणार नाहीत." कागद हातात असताना नाही म्हणायचं, याला काय म्हणावं?

वाचनालयातल्या कॉम्प्युटर वर्गात मिळालेला लिनक्सचा पेनड्राइव्ह तिच्या ड्रॉवरमध्ये होता. कॉम्प्युटर चालवणारी ही दुसरी प्रणाली जुन्या यंत्रांना टाकून देत नाही, असं शिक्षक म्हणाले होते. तिनं ती कॉम्प्युटरवर चढवली. स्कॅनर दिसला, पण वापरायची तिला परवानगी नव्हती. स्वतःच्या टेबलावरच्या यंत्राला हात लावायची परवानगी नाही! चरफडत, वहीतल्या टिपणावरून तिनं परवानगीच्या यादीत आपलं नाव घातलं. यंत्र घरघरलं, पहिलं पान आत गेलं.

स्क्रीनवर पान आलं. शिक्का नव्हता.

"पोरी, माझंच डोकं फिरलंय का गं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गप्प बसा हो काका."

तिनं एकेक सेटिंग वाचून काढली. एका ओळीत लिहिलं होतं, लाल रंग गाळा. छापील अर्जांच्या लाल रेघा पुसायला केलेली सोय, मुळापासूनच चालू ठेवलेली. तिनं ती बंद केली, पान पुन्हा घातलं. शिक्का उमटला, मुकादमाच्या नावासकट.

म्हातारा हसला आणि खोकत राहिला. माल्सुनला मात्र हसू येईना. साडेपाचला सगळी पानं पाठवून तिनं साहेबांना फोन लावला.

"तुमच्या यंत्रात लाल रंग गाळायचं ठेवलंय. बघा."

साहेबांनी यंत्र तपासलं. "हो... ठेकेदारानं तसंच ठेवलेलं दिसतंय. यांचा अर्ज घेतो आम्ही."

"आणि शिक्के नाहीत म्हणून दोन वर्षांत परत पाठवलेली एकतीस माणसं? त्यांतली नऊ तर गेली! घरात गुदमरून गेली, साहेब!"

"त्यांच्या घरच्यांनी मूळ पुस्तक आणलं तर फेरविचार होईल."

माफीचा एक शब्द नाही. माल्सुननं कपाटातून त्या एकतीस जणांची यादी काढली. पहिलंच नाव ह्वांगचं होतं, तो वसंतात गेला होता. तिनं त्याच्या बायकोला फोन लावला.

"वहिनी, भाऊंचं हजेरीपुस्तक आहे ना जपून?"

"ते होय? त्यांच्या कपड्यांबरोबर जाळलं गं. शिक्केच नाहीत म्हटल्यावर ठेवून काय करायचं? मला मेलीला लाल काहीतरी दिसायचं त्यात. पण शिकल्यासवरल्या माणसांपुढे माझे डोळे ते काय? उगीच नवऱ्याला खोट्यात घातलं म्हणून लाज वाटत होती बघ. का गं? काही निघालं का?"

माल्सुननं यादी उलटी करून ठेवली.

"नाही हो वहिनी, सहज केला फोन," ती म्हणाली. "जेवलात का?"