कसरीनं खाल्लेली चार अक्षरं

भोक मसुराच्या दाण्याएवढंही नसेल—पण जुन्या चिनीत तेवढ्या जागेत चार अक्षरं मावतात आणि चार अक्षरांत आख्खा उपदेश, त्यामुळे कुण्या उपाशी कागदखाऊ कसरीनं एका घासात गुरूचं एक सबंध वाक्य फस्त केलं होतं. ताईची या संथ चिनी व्यायामाच्या अभ्यासात माणूस पुढे कसा सरकतो, हे सांगणारी ती दोनशे वर्षांपूर्वीची पोथी. पहिल्या वर्षी पाय शिकतात, दुसऱ्या वर्षी कंबर, तिसऱ्या वर्षी... भोक.

अनुवादकानं गेल्या वर्षी ते पदरच्या वाक्यानं बुजवलं: 'तिसऱ्या वर्षी सगळं अडल्यासारखं वाटेल, घाबरू नये, आतून चालूच असतं.' तळटीप द्यायची राहिली... राहिली कसली, दिलीच नाही. कारण शाई वाळायच्या आत बायको मागे येऊन उभी राहिली—खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ताईचीचा वर्ग सोडावा की काय या घोळात तिसरं वर्ष चाललेलं—आणि वाचून म्हणाली, "बघा, त्या माणसाला माझं दुखणं कळलं." दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत वर्गाला गेली. मग काठीही सुटली. आता तोंड उघडायचं कुठल्या तोंडानं?

आणि आज सकाळी दुसऱ्या एका ग्रंथालयानं त्याच पोथीच्या धड प्रतीचा फोटो पाठवला. भोकाच्या जागी होतं—'शिक्षकाला विचारावं.' बस्स. गुरूनं चक्क हात झटकले होते. संध्याकाळी मजकूर छपाईला जायचा होता. वाक्य खोडावं तर बायकोचा आधार काढून घेतल्यासारखं, ठेवावं तर मेलेल्या माणसाच्या तोंडी आपली बडबड, तीही छापील...

ती वर्गातून आली, बूट काढायला वाकली—किती सहज वाकली—आणि त्यानं डोळे मिटून सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे की," ती नाडी सोडत म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"वाक्य तुमचं आहे ते. अहो, ऑपरेशनला आत नेताना माझा हात धरून हेच म्हणाला होतात. घाबरू नये. जशी काही भिंतीवर सूचना लावताय."

"अगं, मग तेव्हाच बोलायचंस ना."

"तुमचा चेहरा बघितला होता का? म्हटलं, कशाला पकडा."

"आणि तरी वर्षभर वर्गाला जात राहिलीस?"

"जन्मात कधी धड खोटं बोलला नाहीत. माझ्यासाठी एवढं धाडस केलंत, म्हटलं आपणही चार पावलं टाकावीत."

ती आत गेली. लाल पेन वाक्यावर टेकलं, उचललं गेलं, पुन्हा टेकलं. खोडायचं की तळटीप द्यायची, ते काही ठरेना. पण वर्षभर छातीवर ठाण मांडून बसलेलं धूड निरोपही न घेता उठून गेलं होतं आणि तिथं हसू शिरत होतं... हसण्यापाठोपाठ एक बारीक शंका. हिला एवढं कळतं, तर आणखी काय काय कळत असेल? तो संसारातल्या आपल्या एकेक थापा आठवू लागला—आणि गंमत म्हणजे, एकीचीही भीती वाटेना.