उभेआडवे कोण?

रंगनाथ आहेरांच्या घरातला कॉम्प्युटर सुरू झाला की आधी एकदा पासवर्ड विचारायचा आणि तो दिला तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. पडद्यावर चित्र येतंय न येतंय तोच मधोमध एक छोटी चौकट उगवायची आणि पुन्हा पासवर्ड मागायची. रंगनाथ तोच पासवर्ड पुन्हा टाकायचे. चौकट क्षणभर जायची आणि परत हजर. मग ते वैतागून ती बंद करायचे, कांद्याचे भाव बघायचे, हवामान बघायचे आणि उठायचे.

देवळ्याला त्यांचं बियाण्यांचं आणि शेती औषधांचं दुकान होतं. ते पुतण्याकडे सोपवून नवराबायको शहरात इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. मुलगा योगेश आणि सून वेदिका नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हा कॉम्प्युटर इथेच ठेवून गेली. दुकानाच्या धबडग्यात रंगनाथांना कधी एका जागी बसायला मिळालं नव्हतं. आता वेळच वेळ होता, आणि त्यामुळे एखादी गोष्ट अशी का होते, हा किडा डोक्यात शिरला की तो निघत नसे.

"रोज दोनदा का विचारतो हा?" एका सकाळी ते चहा पिताना म्हणाले.

"तुमच्यावर भरवसा नसेल त्याचा," कुसाबाई पालेभाजी निवडता निवडता म्हणाल्या.

त्या दिवशी रंगनाथांनी चौकट बंद केली नाही. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावर काय काय लिहिलंय ते अक्षर अक्षर लावून वाचायला घेतलं. पासवर्ड लिहायच्या जागेच्या वर फिकट, बारीक इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं. ते आजवर त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी ते पुटपुटत वाचलं, पुन्हा वाचलं. उभेआडवे.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. हे कोण? आपल्या घरात, आपल्या कॉम्प्युटरमध्ये हा उभेआडवे बसलाय, आणि इतके दिवस आपण त्याला आपला पासवर्ड सांगतोय!

त्यांनी लगेच योगेशला फोन लावला. योगेश ऑफिसला निघायच्या गडबडीत होता.

"उभेआडवे? मला नाही माहीत, दादा. घाबरू नका, पण आधी हे शोधा, की ती चौकट कोणता प्रोग्रॅम दाखवतोय."

"ते कसं शोधायचं?"

"कॉम्प्युटर सुरू झाला की काही प्रोग्रॅम आपले आपण सुरू होतात. त्यांची नावं एका ठिकाणी दिसतात. एकेक बंद करा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा आणि बघा. जो बंद केल्यावर चौकट येणार नाही, तोच तो."

ही रीत रंगनाथांना एकदम पटली. दुकानातला दिवा मधूनच जायचा, तेव्हा वायरमनही एकेक बटण बंद करून असाच दोष हुडकायचा. त्यांनी योगेशने सांगितलेली जागा उघडली. पहिला प्रोग्रॅम प्रिंटरचा होता. तो बंद केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौकट आली. दुसरा फोटोंचा होता. चौकट आली. तिसरा कसला होता ते त्यांना कळलं नाही, पण बंद केला, आणि तरीही ती आलीच. प्रत्येक वेळी ते पडद्याकडे असे टक लावून बसत, की कुसाबाईंनी दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

मग त्यांनी मेलचा प्रोग्रॅम बंद केला. कॉम्प्युटर सुरू झाला, पासवर्ड विचारला, चित्र आलं. रंगनाथ वाट बघत राहिले. काहीच आलं नाही.

"सापडला!" ते मोठ्यानं म्हणाले.

"कोण?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"अजून ते कळायचंय."

त्यांनी तो मेलचा प्रोग्रॅम मुद्दाम उघडला. चौकट तत्काळ वर आली. तिच्यामागे डाव्या हाताला दोन नावं दिसत होती. एक योगेशचं आणि दुसरं उभेआडवे. म्हणजे हा चोर नव्हता. कुणीतरी घरातल्याच माणसानं त्याला इथे आणून बसवलं होतं. रंगनाथांची भीती गेली, पण उत्सुकता दुपटीनं वाढली. त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी वेदिकानं उचलला. नाव ऐकताच ती खुदकन हसली.

"दादा, ते मीच जोडून दिलं होतं. पण कुणाचं आहे ते मी नाही सांगणार. तुम्ही आईंना विचारा ना."

रंगनाथ फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. कुसाबाई भाकरी थापत होत्या.

"अगं, हा उभेआडवे कोण?"

कुसाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मग मागे वळून म्हणाल्या, "मी."

"तू?"

"रविवारच्या पुरवणीत बिननावाचं शब्दकोडं येतं ना, ते मी करते. दोन वर्षं होत आली. मेलसाठी काहीतरी नाव पाहिजे होतं. कोड्यात उभे शब्द असतात, आडवे शब्द असतात, म्हणून तसं ठेवलं."

रंगनाथ दाराला टेकले. ते कोडं ते स्वतः दर रविवारी सोडवत. नुसतं सोडवत नसत, तर ते करणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत. 'जेवताना समोर, ज्वारीच्या रानात उभं' असं एकदा आलं होतं, अक्षरं दोन. त्यासाठी त्यांनी बुधवारपर्यंत डोकं खाजवलं होतं. उत्तर होतं ताट. सगळा जन्म बियाणं विकण्यात गेला आणि ज्वारीच्या उभ्या धाटालाही ताट म्हणतात हे सुचलं नाही, म्हणून ते स्वतःवर चिडले आणि मग कोडं करणाऱ्यावर. त्या वेळी ही समोर बसून शेंगा फोडत होती!

"तू काहीच बोलली नाहीस!"

"पहिलं धाडलं तेव्हा छापतील असं वाटलंच नव्हतं. छापलं तर तुम्ही नेमके तेच घेऊन बसले. म्हणाले, हा लय बेरकी माणूस दिसतो. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, अजून थोडे दिवस राहू द्यावं."

रंगनाथांना जरा लागलं. घरात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पण ते लागणं फार वेळ टिकेना. बेरकी हा शब्द आठवून त्यांनाच हसू यायला लागलं.

"मग तो पासवर्ड का मागतोय रोज?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही सकाळ सकाळ तिथे बसायला लागल्यापासून मी फोनवरूनच धाडते. मध्ये फोनवर आलं होतं की पासवर्ड बदला. मी बदलला."

रंगनाथांनी चुटकी वाजवली. "फोनवर बदललास, पण कॉम्प्युटरला कुणी सांगितलं? तो बिचारा रोज सकाळी तुझी मेल आणायला जुनीच किल्ली घेऊन जातोय. कुलूप उघडत नाही म्हणून मला विचारतोय. आणि मी त्याला माझ्या घराची किल्ली देतोय!"

भाकरी उतरवून कुसाबाई हात पुसत बाहेर आल्या. खुर्चीवर बसून त्यांनी रंगनाथांकडे नुसतं बघितलं. रंगनाथांनी समजून तोंड खिडकीकडे फिरवलं. मागे हळूहळू कळा दाबल्याचा आवाज झाला. पासवर्ड लक्षात ठेवायची खूण कुसाबाईंनी न विसरता केली. चौकट मिटली आणि साठून राहिलेल्या मेल धडाधड आत आल्या.

रंगनाथांनी बंद केलेले सगळे प्रोग्रॅम पुन्हा होते तसे सुरू केले, कॉम्प्युटर बंद केला आणि चालू केला. पासवर्ड एकदा विचारला गेला. त्यानंतर दोघं बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर रंगनाथ म्हणाले, "हे करतात कसं, ते दाखव ना मला."

"मग तुम्हाला रविवारी सोडवता नाही येणार."

यावर ते घुटमळले. रविवारची सकाळ त्यांना प्यारी होती. पण अशा चौकटीत उभ्या आणि आडव्या शब्दांची एकाच अक्षरावर बरोबर गाठ पडेल असे ते बसवायचे कसे, हे आता कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

"नाही आलं तर नाही आलं. दाखव."

कुसाबाईंनी चौकटींचा कागद टेबलावर पसरला. अर्ध्याहून जास्त घरं भरलेली होती. त्यांनी पेन्सिलीनं एक रिकामी ओळ दाखवली.

"इथे अडलंय कालपासून. चार अक्षरं. पहिलं बा, शेवटचं न."

"बारदान," रंगनाथ ताबडतोब म्हणाले.

कुसाबाईंनी घरं मोजली, उभा शब्द तपासला आणि मान हलवली. बसत होतं. "आता याला खूण काय द्यायची?"

"रिकामं पोतं. त्यात काय?"

"अहो, असं सरळ दिलं तर पोरंसोरंही सोडवतील. जरा आडवळणानं सांगा."

रंगनाथांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, चष्मा काढून हातात घेतला आणि विचार करायला लागले.