सातवा सबस्क्रायबर आणि अर्धी मिशी

कल्पना करा, तुम्ही एका कपाटात बसला आहात. डोळे मिटू नका हं, मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? कपाट कपड्यांचं आहे. डोक्यावर चार जाडजूड लोकरी कोट लोंबताहेत आणि त्यातल्या एकाचं बटण तुमच्या कानात शिरू पाहतंय. हातात फोन आहे, तोंडापुढे बोटाएवढा माइक आहे, आणि फोनच्या पडद्यावर एक कोंबडी डोक्यावर अंडं घेऊन डोंगर चढते आहे. कोंबडी तुमच्या बोटाच्या इशाऱ्यावर चालते. अंडं पडलं, की पुन्हा पायथ्यापासून सुरुवात.

बसलात नीट? आता जरा सरका, कारण त्याच कपाटात आपली पिपाणी बसली आहे आणि ती कोणाला जागा देत नाही.

पिपाणीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. तिचा आवाज असा, की तिने हळूच "आई" म्हटलं तरी शेजारच्या दोन आया दार उघडून बघत. कपाट होतं तिच्या आत्याचं. आत्या बस चालवायची आणि तिच्याकडे कोटच कोट होते. "खोलीत बोललीस की आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो," असं आत्यानेच तिला सांगितलं होतं. "कपड्यांत बसून बोल. कपडे घुमणं गिळतात."

म्हणून पिपाणी कपाटात बसून कोंबडीचा खेळ खेळे, खेळता खेळता बोले, आणि त्याचा व्हिडिओ आपल्या चॅनेलवर टाके. चॅनेलचं नाव 'पिपाणीचे पराक्रम'. तेरा व्हिडिओ झाले होते आणि सबस्क्रायबर होते सात. त्यातले आई, बाबा, आत्या आणि आजोबा हे चार. पाचवा मावशीचा मुलगा, त्याला एक खोडरबर द्यावं लागलं होतं. सहावी पिपाणी स्वतःच, आत्याच्या जुन्या फोनवरून. आपली पाठ आपणच थोपटायची, दुसरं काय!

पण सातवा! सातवा कोण, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नाव 'कात्री-वस्तरा', चित्र कात्रीचं. आणि प्रत्येक व्हिडिओखाली त्याची एकच कमेंट असायची : "छान. मान हलली नाही."

कोणाची मान, का हलली नाही, हे पिपाणीला काही उमगत नव्हतं. पण ती ते वाक्य रोज तीनदा वाचायची.

मग तिने चौदावा व्हिडिओ टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सबस्क्रायबर सहा.

"आत्या! सातवा गेला!"

आत्या दात घासत होती. "आहेत ना सहा? आपण सगळे आहोत की."

"तेच तर! तुम्ही घरचे. तो जगातला होता!"

आत्याने चूळ भरली आणि विचार केला. "खरं आहे बाई. अख्ख्या जगातून एक माणूस आला, आणि तोही रुसून गेला. कात्रीचं चित्र म्हणालीस ना? तशी कात्री टपालघरामागच्या सलूनच्या काचेवर आहे. चल, तसेही माझे केस वाढलेत."

सलूनबाहेर रांग होती. केस कापायची नव्हे. प्रत्येकाच्या हातात कागद होते. एकाच्या हातात दुकानाच्या पाटीचा नकाशा, तर एका आजीबाईंच्या हातात गच्चीवर टाकी बसवण्याचा अर्ज. रांग आत जात होती आणि बाहेर येणारा प्रत्येक जण ताज्या कापलेल्या केसांनी, शिक्का मारलेला कागद फुंकत बाहेर येत होता.

"इथे काय आहे हो?" आत्याने विचारलं.

"परवाना कचेरी," रांगेतला टकलू गृहस्थ म्हणाला. "कालपासून इथेच भरते. आणि सलूनमध्ये यायचं म्हणजे केस न कापता जाणं बरं दिसत नाही. मी तिसऱ्यांदा आलोय, आता काय कापणार ते त्यांनाच ठाऊक."

आत दोन खुर्च्या होत्या. एकीवर सलूनवाले काका रांगेतल्या लोकांचे केस भराभर उरकत होते. दुसरीवर, गळ्यापासून पायापर्यंत पांढरं कापड पांघरून, परवाना कचेरीचे शिक्केवाले साहेब बसले होते. पावडरच्या डब्यांशेजारी त्यांचे तीन शिक्के मांडलेले होते : 'मंजूर', 'नामंजूर' आणि 'दुरुस्तीसह मंजूर'. साहेबांच्या ओठावर उजवीकडे झुपकेदार मिशी होती. डावीकडे काहीच नव्हतं.

शेजारच्या स्टुलावर साहेबांच्या आई डबा घेऊन बसल्या होत्या, अर्थातच उजव्या बाजूला. चुकून त्यांची नजर डावीकडे गेली, की त्या म्हणत, "आपण कोण?"

पिपाणीने काकांसमोर फोन धरला. "काका, हे कात्री-वस्तरा तुम्हीच का?"

काकांच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी साहेबांकडे चोरून बघितलं आणि कुजबुजले, "हळू बोल गं. तू ती कोंबडीवाली?"

"हो! तुम्ही मला का सोडलंत?"

काकांनी सगळं सांगितलं. सलूनच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. पूर्वी त्यावर ते बातम्या लावत, पण बातम्या ऐकताना गिऱ्हाईक माना डोलावतं, वाद घालतं, आणि कान कापला जाण्याची भीती. मग त्यांना कोंबडी सापडली. डोक्यावरचं अंडं बघता बघता गिऱ्हाईक आपलंच डोकं धरून बसल्यासारखं स्थिर बसे. मान जराही हलत नसे. म्हणून तर ती कमेंट!

"आणि मग तुझा चौदावा आला. साहेब मिशी कोरायला बसले होते. चार मिनिटं तू नुसते नमस्कारच करत होतीस. साहेबांना डुलकी लागली. आणि एकाएकी खेळात मुंगूस आलं, अंडं पडलं, आणि तू जी किंकाळी फोडलीस..."

काकांनी साहेबांच्या ओठाच्या डाव्या बाजूकडे बोट दाखवलं.

पिपाणी हबकली. कपाटात बसून ओरडली, तेव्हा तिला आपला आवाज केवढासा वाटला होता! किंकाळी कोटांनी गिळली होती. पण माइक तर कोटांच्या आधी होता, तोंडाला चिकटून.

"दुसरी बाजूही काढून टाकायची की," आत्या म्हणाली. "फिट्टंफाट."

साहेबांनी आरशातूनच तिच्याकडे बघितलं. "बाई, मी या खुर्चीत अख्खी मिशी घेऊन बसलो, अख्खी घेऊनच उठणार. तोवर कचेरी इथेच. आणि मिशी सारखी होईपर्यंत या गृहस्थांनी ते चॅनेल बघायचं नाही, असा मी हुकूम काढलाय. त्यावर शिक्काही मारलाय."

"मग मिशी सारखी झाल्यावर?" पिपाणीने विचारलं.

"झाल्यावर बघू. हीच का ती किंकाळी?"

"हो," पिपाणी म्हणाली. त्या एका 'हो'ने पावडरचे दोन डबे हलले.

"बस इथे. तपासणी करायची आहे. लावा तो चौदावा."

काकांनी टीव्ही लावला. साहेबांनी चष्मा चढवला आणि अख्खी रांग दारातून आत डोकावली.

"दोन मिनिटं झाली," साहेब म्हणाले. "अजून नमस्कारच. पोरी, घर पेटलं तर अग्निशामक दलाला आधी पत्ता सांगशील की त्यांची खुशाली विचारशील?"

"पण नीट ओळख नको का करून द्यायला?"

"अंड्याची करून दे ना ओळख!" टाकीवाल्या आजीबाई दारातून म्हणाल्या. "आधी अंडं दिसू दे. मी तर मघापासून कोंबडीची पिसं मोजत बसलेय."

"आणि ते मागचं गाणं," टकलू गृहस्थ म्हणाला. "तू बोलतेस की गाणं भांडतंय, कळतच नाही."

"'सबस्क्राइब करा' अकरा वेळा," साहेब कागदावर टिपत होते. "एकदा सांगितलं की विनंती. अकरा वेळा म्हणजे वसुली. आणि नाव काय, तर 'व्हिडिओ क्रमांक चौदा'! आमच्या कचेरीतल्या फायलींनासुद्धा यापेक्षा बरी नावं असतात."

त्यांनी कागदावर 'नामंजूर'चा शिक्का मारला आणि तो पिपाणीच्या हातात दिला.

तुम्हाला वाटेल, पिपाणी रडत घरी गेली. नाकाचा शेंडा लाल झाला होता, हे खरं. पण वाटेत तिने तो कागद चारदा वाचला आणि म्हणाली, "आत्या, त्यांनी पूर्ण बघितला गं. घरात कोणी पूर्ण बघितला होता?"

आत्या बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की पिपाणी कामाला लागे. पंधरावा व्हिडिओ थेट अंड्यापासून सुरू झाला. नामंजूर : गाणं अजून मोठं. सोळाव्यात गाणं उंदरासारखं कोपऱ्यात बसलं. नामंजूर : कोंबडी डावीकडे का गेली, ते सांगितलं नाही. सतराव्याचं नाव होतं 'निसरड्या कड्यावरून कोंबडी वाचेल का?' आणि तो बघताना साहेब जेवायचे थांबले. आईंनी घास दोनदा उजव्या गालावर टेकवला, तरी त्यांना कळलं नाही.

दुरुस्तीसह मंजूर!

"दुरुस्ती कसली?" पिपाणीने विचारलं.

"किंकाळी," साहेब म्हणाले, आणि ओठाची डावी बाजू झाकून घेतली.

किंकाळीवर उपाय सापडला आजोबांकडे. जेवण झालं की आजोबा आडवे होत. सुट्टीच्या दिवशी पिपाणी त्यांच्या उशाशी बसून खेळे आणि बोले. आजोबा जागे झाले की तो व्हिडिओ बाद. पहिल्या रविवारी आजोबा नऊ वेळा उठले.

"पोरी, मी झोपतोय की कवायत करतोय?" ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. तिसऱ्या रविवारी मुंगूस आलं, अंडं घरंगळलं, आणि आजोबा घोरतच राहिले.

इकडे रांगेतली माणसं शिक्क्याची वाट बघता बघता कोंबडी बघत होती. सबस्क्रायबर एकोणीस झाले, मग एकेचाळीस. टकलू गृहस्थाने तर आपल्या भाचरांनाही आणलं. पण एकेचाळिसांत कात्रीचं चित्र नव्हतं. पिपाणी रोज यादी वरून खाली, मग खालून वर बघायची.

"अगं, एकेचाळीस झाले," आत्या म्हणाली. "त्या एकाचं काय घेऊन बसलीस?"

"तो कोणी न सांगता आला होता," पिपाणी म्हणाली.

तेविसाव्या दिवशी काकांनी साहेबांच्या ओठाला फूटपट्टी लावली. डावी बाजू भरली होती. पण तेवीस दिवसांत उजवीही वाढली होती, ती आता हनुवटीची चौकशी करत होती. उजवी कोरून डावीइतकी केली, की साहेब मोकळे.

काकांनी वस्तरा उचलला. वस्तरा पानासारखा थरथरत होता.

"असं चालायचं नाही," साहेब म्हणाले. "भीती मोडली पाहिजे. टीव्ही लावा. पोरगी इथे बसून खेळेल, आत्ता, लाइव्ह. तुम्ही कोरायचं. जमलं तर हुकूम रद्द, बघा तुमचं चॅनेल. नाही जमलं तर..."

"तर आणखी तेवीस दिवस," आईंनी वाक्य पुरं केलं आणि डबा घट्ट धरला.

पिपाणी पावडरच्या डब्यांशेजारी बसली. आज डोक्यावर कोट नव्हते. आवाज गिळायला कोणी नव्हतं. काकांनी साहेबांच्या उजव्या मिशीला वस्तरा टेकवला.

"अंडं डोक्यावर आहे," पिपाणी हळू आवाजात म्हणाली, "आणि शिखर अकरा पावलांवर. इतक्या वर आपण कधीच आलो नव्हतो."

काकांचा हात शांत झाला. वस्तरा सुर्रकन एक रेघ चालला. रांग श्वास धरून उभी. दहा पावलं. सात. पाच. आणि दगडाआडून मुंगसाने उडी मारली! अंडं कलंडलं. कोंबडी एका पायावर झुलायला लागली.

किंकाळी पिपाणीच्या घशापर्यंत आली. तिथे तिला आजोबांचं घोरणं आठवलं.

"मुंगूस आलंय, मंडळी," ती झोपलेल्या माणसाजवळून चालावं तशी म्हणाली. "घाबरायचं नाही."

"अगं डावीकडे!" साहेब खुर्चीतून हातभर उडाले. "डावीकडे वळव तिला!"

सुर्र.

साहेबांनी हळूहळू आरशात बघितलं. डावीकडे तेवीस दिवसांची मिशी होती. उजवीकडे काहीच नव्हतं.

आईंनी उसासा टाकला, स्टूल उचललं, आणि त्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या.

"ओरडलं कोण?" आत्याने सगळ्यांदेखत विचारलं.

रांगेतल्या चौदा माणसांनी चौदा बोटं साहेबांकडे रोखली.

साहेबांनी शिक्क्यांकडे हात नेला. 'मंजूर' उचलला, खाली ठेवला. मग 'नामंजूर' उचलला, स्वतःच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर मारला, आणि खुर्चीत पुन्हा मागे रेलले. "हुकूम रद्द," ते म्हणाले. "चूक माझी. आणखी तेवीस दिवस. पण पोरी, अंड्याचं काय झालं?"

सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं. कोंबडी अजून एका पायावर झुलत होती. या गोंधळात पिपाणीचं बोट पडद्यावरून हललं नव्हतं. आणि अंड्याच्या खाली, जिथे बघणाऱ्यांच्या कमेंट सरकत होत्या, तिथे कात्रीचं चित्र उमटलं. काकांनी फोन खिशात टाकला आणि ओले हात पुसले. कमेंट होती : "मान हलली. पण तुझ्यामुळे नाही."

पिपाणीने ती एकदाच वाचली. मग माइक तोंडापासून चार बोटं लांब केला आणि कोंबडीला डावीकडे वळवलं.