मुंढव्याचं दळण

डोक्यावरचा डबा उतरवून प्रेमलानं तो पायानंच रांगेत सरकवला आणि चुंबळ काखेत धरून ती भिंतीला टेकली. रांगेत बायका नव्हत्याच, नुसते डबे होते. बायका बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. मुंढव्याच्या गिरणीत ज्याचा डबा पुढं त्याचं दळण आधी, एवढाच कायदा. तिचा डबा नववा.

हडपसरच्या गाडीतळापासून इथवर सव्वा कोस. रेल्वेचं फाटक उघडं मिळालं तर सव्वा, नाही मिळालं तर उन्हात उभं राहायचं ते वेगळं. परतताना पीठ गरम असतं आणि मान आधीच मोडलेली असते. पाच महिने दर शनिवारी ती हेच करत होती. तिचं मागणं फार नव्हतं. आपल्या गावच्या गिरणीत आपलं दळण दळून मिळावं, एवढंच. देवाजवळही ती अलीकडे तेवढंच मागायची, मोठं काही मागायला अंगात त्राण उरत नव्हतं.

"आली का गं हडपसरची?" लिंबाखालून तुळजाबाईंनी विचारलं. साठीच्या, तोंडात मिश्री, आवाज आख्ख्या आळीचा. "ये, सावलीला बस. डबं काय पळून जात न्हाईत."

प्रेमला जाऊन बसली. तिच्या मागोमाग दहावा डबा लावून एक नवीन सून आली, मैना नावाची. तिनं प्रेमलाकडं नीट बघितलं आणि तुळजाबाईंच्या कानाला लागली. कुजबुज सगळ्यांना ऐकू येईल इतपतच हळू होती.

"हीच का ती, पालखीला ओवाळलं न्हाई ती? किरिस्ताव?"

"हीच."

"मग हिचं दळण झालं की दगडात मूठभर पीठ राहनार. माझ्यात यील ते."

याच मूठभर पिठावरून सगळं झालं होतं. जत्रेत भैरोबाची पालखी दाराशी आली तेव्हा प्रेमला हात जोडून उभी राहिली, पण आरती काही तिनं ओवाळली नाही. चार वर्षांपूर्वीच ती आणि तिचा नवरा संपत ख्रिस्ती झाले होते आणि तोवर गावानं कानाडोळा केला होता. त्या दिवशी मात्र सोनबाअण्णा आणि बाकीचे पंच बसले. चार दिवसांनी गेनबा गिरणीवाल्यानं तिचा डबा उचलून पायरीवर ठेवला. "माझं काही न्हाई बाई," तो तिच्याकडं न बघता म्हणाला होता, "पर तुझ्यामागं कुनी दळण टाकंना." हडपसरात तेव्हा दुसरी गिरणी होती. तिचा मालक गेनबाचा साडू.

तुळजाबाईंनी मिश्री थुंकली.

"माझा डबा हिच्या मागं लावा रं!" त्यांनी आत ओरडून सांगितलं. मग मैनेला म्हणाल्या, "आता तुझ्यात माझं पीठ यील. चालतंय न्हवं? का मला बी वाळीत टाकतीस?"

मैना पदराशी चाळा करत राहिली.

तुळजाबाई अशा का वागतात, हे प्रेमलाला नीट उमगत नव्हतं. पहिल्या शनिवारी त्यांनीच विचारलं होतं, एवढं लांबून का येतीस म्हणून. तिनं खरं ते सांगितलं. पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं, "एक ताट ओवाळलं असतंस तर काय झिजली असतीस?"

प्रेमलाला संपतसारखं बोलता येत नव्हतं. संपत कारखान्यात फिटर, पण रविवारी पत्र्याच्या खोलीत उपदेशाला उभा राहिला की तासभर थांबत नसे. समोर सहा माणसं, त्यातली चार घरचीच. तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "दोन लेकरं पुरली मी. तवा घरात कुनी थांबलं न्हाई. येशू थांबला, असं वाटलं मला. त्याच्यासमोर दुसऱ्याला ओवाळायला हातच उचलंना."

"आन् ज्यांनी दळण बंद केलं त्यांचं काय? त्यांना शाप देतीस का न्हाई?"

"त्यांच्यासाठी प्रार्थना करायची असती."

"करतीस?"

"करते. शिव्या आवरून करते. कधी शिव्या आधी हुत्यात, मग प्रार्थना."

तुळजाबाई खूप हसल्या होत्या. त्यांचा दीर शेजारच्याच घरात राहायचा आणि बांधावरून अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. "मला शिकव ते," त्या म्हणाल्या होत्या. "ते आवरायचं."

त्यानंतर दर शनिवारी डबे आत रांगेत आणि बायका लिंबाखाली. कुणी पोराच्या तापाचं सांगे, कुणी नवऱ्याच्या दारूचं. प्रेमला ऐकायची आणि नंबर येईपर्यंत डोळे मिटून दोन वाक्यं म्हणायची. यापेक्षा जास्त ती काही करत नव्हती. खरं तर बसल्या बसल्या पाय चोळून घ्यावेत, एवढाच तिचा बेत असायचा.

मैना आली त्या दिवशी परतताना गेनबाच्या गिरणीसमोरून ती नेहमीसारखी खाली मान घालून निघाली.

"प्रेमलाबाई, वाईच थांबा."

ती थांबली. डबा उतरवला नाही.

"सोमवारपासनं इथंच आना दळण," गेनबा म्हणाला. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याकडं बघून बोलत होता. "सोनबाअण्णांनी सांगितलंय. पंचांचं ठरलं."

"आता कसं काय ठरलं?"

गेनबानं पिठानं पांढरी झालेली भुवई खाजवली. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"अण्णा म्हनलं, मुंढव्यात तीन घरं येशूचं नाव घ्याया लागली. ती तुळजाबाई दिराच्या दारात भाकरी घिऊन गेली, तिथनं सगळं पेटलं. अण्णा म्हनलं, हितं हिचा नवरा चार वर्सं वरडतोय, एक मानूस हललं न्हाई. आपुनच बाईला गावोगाव धाडलं. आता तिला घरी बसवा."

तीन घरं. प्रेमलाला हे ठाऊक नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा आठवले ते स्वतःचे गुडघे.

"येते सोमवारी," ती म्हणाली.

सोमवारी तिनं ज्वारीचा भरलेला डबा दीडशे पावलांवरच्या गिरणीत नेला. गेनबानं तो सगळ्यांच्या शेवटी घेतला. बायकांनी तिला जागा दिली, जरा जास्तच. "बरं हाय का?" असंही एकीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेली. दळण झाल्यावर गेनबानं पाठ फिरवून मूठभर कोंडा दगडात सोडला, तिचं राहिलेलं पीठ निघून जावं म्हणून. त्याला वाटलं, तिनं बघितलं नाही.

पीठ मात्र रेशमासारखं आलं. गेनबानं दगडांना नुकतीच टाकी लावून खाचा ताज्या करून घेतल्या होत्या. मुंढव्याचे दगड गुळगुळीत झालेले, तिथलं पीठ जाडंभरडं यायचं आणि संपत पाच महिने भाकरी चावताना डोळे बारीक करायचा. आज त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या.

"देवानं ऐकलं बघ तुझं," तो म्हणाला.

"ऐकलं," प्रेमला म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्या आठवड्यात तिचे गुडघे दुखले नाहीत. तिनं गोधडीला टाके घातले, दुपारी झोपलीसुद्धा. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तिनं तुळजाबाईंच्या दिराचं नाव आठवून बघितलं. ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी संपत कारखान्यात जायला निघाला तर ती कणगीशी वाकलेली. डब्यात तिनं दोन मापं ज्वारी टाकली. तिसरं माप हातात घेतलं, गुडघ्याकडं बघितलं आणि परत कणगीत ओतलं.

"एवढ्याशा दळणाला कुठं निघालीस?" संपतनं विचारलं. "सोमवारचं पीठ अजून हाय की."

"मुंढव्याला."

"का? आपली गिरणी सुरू झाली न्हवं?"

प्रेमलानं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"तिथलं पीठ बारीक येतं," ती म्हणाली.

संपतनं जिभेनं मागची दाढ चाचपली. मग कोपऱ्यातली चुंबळ उचलून त्यानं झटकली, तिच्या डोक्यावर ठेवली आणि डबा वर चढवायला हात लावला.