नेपियरला आलेल्या शेंगा

विनायक सकाळीच कुऱ्हाड घेऊन बांधावर आला, तर त्याची वहिनी लता झाडांपुढं उभी.

"सरका वहिनी. तुमच्या सुबाभळीच्या सावलीनं माह्यं नेपियर वाढून नाही राहिलं."

"तुमच्या गवतानं गाईचं पोट भरते, भाऊजी. दूध माह्या पाल्यानं वाढते."

रायपूरच्या बाहेर, धानाच्या शेतांत आमचं गाव. ती झाडं लतानं लग्नानंतर स्वतः बी टाकून वाढवलेली. उन्हाळ्यात सगळा शिवार करपला तरी ती हिरवी असायची. विनायकचं नेपियर झाडांच्या सावलीत खुरटलेलं, पण बाकी शेतात विहिरीच्या पाण्यावर पुरुषभर उंच झालेलं. भांडण मिटेना, तेव्हा लताचा नवरा पांडुरंग म्हणाला, "दोन गाई संगंच व्यायल्या हायेत. लताच्या गाईले पैरा अन् पाला, विनायकच्या गाईले पैरा अन् नेपियर. महिन्यानं जिचं दूध जास्त, तिचा चारा ठेवू."

लता कबूल झाली. सुबाभूळ जास्त झाली तर जनावराचे केस झडतात, म्हणून ती पैऱ्यात, म्हणजे धानाच्या वाळल्या काडात, बेतानंच पाला मिसळायची. तरी महिनाअखेरीस विनायकच्या गाईचंच दूध जास्त भरलं. डेअरीवर त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी लतानं त्याच्या गाईची गव्हाण झाडली. नेपियरच्या धांड्यांखाली सुबाभळीच्या शेंगा अन् चघळलेल्या काड्या निघाल्या. आकडीच्या काठीनं त्या झाडांचा पाला ओढून काढणारा घरात एकच माणूस होता.

तिनं पांडुरंगला विचारलं. तो म्हणाला,

"लहान भाऊ हाय. हारला असता त लोक हसले असते."

"अन् माह्यावर हसले ते?"



लता तशीच डेअरीवर आली. मी रांगेत होते. तिनं पदरातल्या शेंगा विनायकपुढं ठेवल्या.

"भाऊजी, तुमच्या नेपियरले शेंगा कायच्या लागल्या, सांगा सगळ्यायले."

विनायकनं कॅन उचलला अन् निघून गेला. दोन्ही चारे एकत्र दिले की दूध वाढतं, एवढं गावाला समजलं. झाडं तोडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

संध्याकाळी पांडुरंग आकडी घेऊन झाडाखाली उभा होता.

"टोपली आण. तुह्या गाईले पाला तोडून देतो."

लतानं आकडी त्याच्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या. तुम्ही कोणाच्या गाईसाठी तोडून राहिले, ते मले आता समजत नाही."